उजव्या बाजूचा पोचा

"हा पोचा फोटोत नाहीये, काका," ती म्हणाली.

गंजवाल्या काकांनी मान वर केली नाही. ते पिकअपच्या दाराची कड पॉलिश पेपरने घासत होते. "फोटोत उजवी बाजूच नाही, ताई. डावीकडे एवढा मार आणि इकडे सगळं गुळगुळीत, असं कधी असतं का? खोटं लगेच उघडं पडतं."

तेही खरंच होतं. मागच्या मडगार्डवर वीतभर लांब पोचा होता आणि त्यात हिरव्या रंगाची पुसट रेघ. एवढं बारीक काम कशाला केलं कोण जाणे. पण काकांच्या हाताला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. लोक चांगल्या धडधाकट गाड्या त्यांच्याकडे आणत आणि म्हाताऱ्या करून नेत. मिठाचं पाणी, ऊन, घासकाम आणि सगळ्यावर बिनचमकीचं लॅकर. स्वतःचे केस काळे करून आलेली माणसं गाडीला मात्र हौसेने गंज मागत.

तिला असली हौस नव्हती. तिला आईला फसवायचं होतं.

बावीस वर्षांपूर्वी बाबा एका सकाळी आपल्या पिकअपमधून गेले, ते परत आलेच नाहीत. ना माणूस सापडला, ना गाडी. ती तेव्हा आठ वर्षांची होती, सुट्टीत मामाकडे गेलेली. आईने वाट पाहणं सोडलं नाही. आता तिचे डोळे गेले होते, तब्येत उतरणीला लागली होती, आणि तोंडात एकच पालुपद होतं, "निदान गाडी तरी सापडायला हवी होती." शेवटी लेकीने तशीच, त्याच सालची पिकअप शोधून काढली आणि आईला सांगून टाकलं की सापडली.

आईला दिसत नव्हतं, पण तिच्या हातांना फसवणं सोपं नव्हतं. म्हणून तर काका.

बाबांच्या गाडीचा जुना फोटो पाहिल्यावर काका आधी सरळ नाही म्हणाले होते. "दुसऱ्या कुणाला द्या हे काम." चार दिवसांनी त्यांचाच फोन आला.

"वडिलांचं पुढे काहीच कळलं नाही?"

"काहीच नाही."

"बरं. घेऊन या गाडी."

एरवी गिऱ्हाइकांचे फोटो काम संपेपर्यंत त्यांच्या भिंतीवर चिकटवलेले असत. हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत केला. "डोक्यात बसला," म्हणाले. तिला केवढं कौतुक वाटलं होतं.

"तरी हा पोचा काढूनच टाका," आता ती म्हणाली. "आईने विचारलं तर मी काय सांगू?"

"राहू द्या. ऐका माझं. तिथे हात लागला की आईंची खात्रीच पटेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईला घेऊन आली. वर्कशॉपमध्ये काकांशिवाय कुणी नव्हतं. गाडीची किल्ली बोटात फिरवत ते म्हणाले, "बघून झालं की बसा दोघी. चक्कर मारून आणतो. मीच चालवतो."

आईने डावं दार चाचपलं. आरसा, हौद्याची कड, रंगाचे पोपडे. ती काहीच बोलेना. आई गप्प बसली की तिला काहीतरी पटलेलं नसतं, हे लेकीला लहानपणापासून माहीत होतं.

गाडीला वळसा घालून आई उजवीकडे आली. मागच्या मडगार्डवर तिचा हात थांबला. संपलं सगळं, लेकीच्या मनात आलं.

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"इतका वेळ मला वाटत होतं, माझं मन राखायला तू कुठली तरी गाडी आणलीस. पण हा पोचा! त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं गं. रागाच्या भरात त्यांनी गाडी काढली, फाटकावर आदळवली आणि तसेच निघून गेले. लाजेपायी मी हे कुणाला बोलले नाही, पोलिसांनासुद्धा नाही. फाटकसुद्धा बदलून टाकलं."

काकांच्या बोटातल्या किल्लीचा आवाज थांबला.

आईने पोच्यातून हळूच बोट फिरवलं. "फाटकाचा हिरवा रंग लागलेला असेल बघ ह्यात. आहे ना?"