पिवळा पट्टा

गुडघे साथ देईनात, तेव्हा बाबलीने मासेमारीची होडी विकली. त्याचं मन रमावं म्हणून मुलाने मुंबईहून रिमोटवर चालणारी हातभर होडी आणून दिली. बाबलीने तिचा कारखान्यातला रंग पॉलिश पेपरने घासून काढला आणि आपल्या जुन्या होडीसारखी ती निळीशार रंगवली.

"फुडे एक पिवळो पट्टो मारा हो," बायको लक्ष्मी म्हणाली. जुनी होडी रंगवतानाही दरवर्षी तिचा हाच हट्ट असे.

"होडी दर्यासाठी रंगयतत गो, बायलांच्या हौशेसाठी नाय." बाबलीचं उत्तरही दरवर्षीचंच.

देवबागच्या खाडीत होडी झोकात निघाली आणि बघता बघता लाटांत दिसेनाशी झाली. निळ्या पाण्यात निळी होडी बाबलीला काही केल्या सापडेना.

"खंय गेली गो? बुडली काय?"

शेजारी लक्ष्मी कपाळावर हाताचा आडोसा धरून शांत उभी होती.

"थंय बघा, पाण्यातल्या खुंटाच्या उजवीक. माका दिसता. जल्मभर हंय उभी रवान ह्याच तर केलंय."

तिने दाखवलेल्या दिशेला बघत बाबलीने होडी काठाला आणली. मग ओली होडी उचलून त्याने हळूच विचारलं, "पट्टो केवढो मारूचो गो, हंयसून दिसाक?"