दुसऱ्याची मंजुरी

चार दोस्त जमवून त्याने वेबसाइट बांधायचं एक फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, उभं केलं होतं, तेही संगणकाच्या अशा स्क्रिप्टिंग भाषेसाठी, जी फारशी कुणाच्या गावीही नव्हती. नियम त्यानेच घातला होता: आपला कोड आपण मंजूर करायचा नाही, दुसऱ्याने वाचून करायचा. पुढे एकेक जण पांगला. उरले दोघंच, हा आणि मागाहून आलेला, 'कासव' या टोपणनावाचा, कधी न पाहिलेला कुणी. कासव मात्र नेमाने लिहायचा, "छान. मंजूर." त्या दोन शब्दांवर हा दिवस ढकलत होता.

आज थकव्याच्या भरात त्याच्या हातून मंजुरीसाठी अर्धवट फाइल गेली. लगेच उत्तर आलं, "छान. मंजूर." आणि सगळं फ्रेमवर्क धाडकन कोसळलं.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने कासवाला लिहिलं, "अरे, तू वाचतोस तरी का?"

उत्तर आलं ते स्वयंपाकघरातून, बायकोच्या दमलेल्या आवाजात, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही रे. पण मंजुरी आल्याशिवाय तू जेवायला उठत नाहीस."