दुसरा टप्पा

"अरे, काय म्हणाल्या बाई?" मी तपासणीच्या खोलीतून बाहेर येताच हर्डीकरने विचारलं. ऑफिसात प्रत्येक बढती माझ्याआधी पटकावणाऱ्या या माणसाला यकृतातल्या पित्तनलिकेचा कर्करोगसुद्धा माझ्याआधीच झाला. दोघांचाही तिसरा टप्पा, तेवढी काय ती आयुष्यातली बरोबरी.

आज डॉक्टरीणबाईंनी आमचे रिपोर्ट नव्या पद्धतीने तपासले. आता म्हणे गाठ नुसती केवढी आहे हे बघत नाहीत, कुठे आणि किती पसरली तेही बघतात. माझ्याआधी आत जाऊन आलेला हर्डीकर तिसऱ्यातच राहिला होता. पिशवीचे बंद उगाच सोडत-बांधत बसला होता.

मी मात्र दुसऱ्या टप्प्यात आलो होतो. "ऑपरेशन करता येईल, काका," असं बाई स्वतः म्हणाल्या. जन्मभर ज्याच्यावर जळलो, एकदाचा त्याच्या पुढे गेलो. हे त्याला कसं ऐकवायचं, याची दारापर्यंत मनात तालीमही झाली होती.

"तिसराच," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. "घाबरायचं नाही. मी आहे ना," म्हणत त्याने माझी पाठ थोपटली. जिंकलो मी, आणि साहेब पुन्हा तोच झाला.