पालकांना घेऊन या

तंत्रनिकेतनाचा नियम साधा होता: हजेरी कमी पडली की पालकांना घेऊन या, नाहीतर नाव कमी. लेकीच्या तापापायी पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या तिच्या आईचे वर्कशॉपचे तास बुडाले आणि नुकत्याच दहावी झालेल्या पोरापोरींसाठी केलेला हा नियम आईच्याही मानगुटीवर बसला.

"मी नाही येणार," नवरा चहाचा घोट घेत म्हणाला. "नाव कमी झालं तर बरंच. सुटशील एकदाची."

सासूबाईंनी भांडी जरा जोरातच आपटली. "पोर पदरात आल्यावर बाईसाहेबांना कॉलेज सुचलंय! आम्ही नाही बाई तिथे मान खाली घालून उभं राहणार."

"नका राहू," ती म्हणाली आणि लेकीची वेणी घालायला बसली.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना टेबलापलीकडे ती एकटीच दिसली. "पालक कुठे आहेत तुमचे?"



तिनं खाली वाकून लेकीला उचललं, समोरच्या खुर्चीवर उभं केलं आणि म्हणाली, "या काय. 'आई, अभ्यास झाला का गं तुझा?' असं आमच्या घरात विचारणारं हे एकच माणूस आहे, सर. बोला यांच्याशी."