उभ्या उभ्या पिणारी गाडी

“काकू, गाडीनं सोडली म्हणायची!” मेकॅनिक बॉनेटखालून डोकं बाहेर काढून हसला. “पिकअपचं ॲव्हरेज पहिल्यासारखं झालंय. आणि खरं सांगू? मी काहीच केलेलं नाही.”

म्हातारी नवऱ्याचा डबा द्यायला गॅरेजवर आली होती. डबा तिच्या हातातच राहिला. ऐकून कुणालाही बरं वाटावं अशी बातमी. तिला मात्र ती रुचली नाही.

“नोझल बदलले असतील तुम्ही,” ती म्हणाली.

“छे हो. नोझल तेच, फिल्टर तोच. टायर तर काकांच्याच वयाचे. त्यांनाच विचारा काय जादू केली ती.”

म्हातारा चाकाशी वाकून नट आवळत होता. त्याने वर पाहिलं नाही. “हवा बदलली,” एवढंच पुटपुटला.

ही गाडी जास्त पिऊ लागली ती लेकीच्या लग्नानंतर. लेकीने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा म्हाताऱ्याने चारचौघांत सांगून टाकलं होतं, “तिच्या दारात माझ्या गाडीचं इंजिन बंद होणार नाही.” माल वाहणाऱ्यांमध्ये या बोलण्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळे. एखाद्याच्या दारात इंजिन बंद केलं, की आत जायचं, टेकायचं, चहा घ्यायचा. इंजिन चालू ठेवलं, की माल टाकून निघायचं. आलो तरी आलो नाही. लेकही बापाचीच. “आई, येशील तर बाबांना घेऊन ये, एकटी येऊ नकोस,” म्हणाली. दोघांच्या कात्रीत म्हातारी सापडली.

मग ॲव्हरेज पडलं. मेकॅनिकने गाडी उघडून पाहिली, ब्रेक चिकटतात का तपासलं, पुन्हा जोडली. शेवटी हात पुसत म्हणाला, “काका, ही उभ्या उभ्या पिते, लग्नातल्या फुकट्या पाहुण्यासारखी. लांबच्या रस्त्यानं गेलात तर किलोमीटरही वाढतील, ॲव्हरेज काही पडणार नाही. पण गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलंत, की डिझेल जातं आणि किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही. उभी कुठं करता?”

“कुठं नाही,” म्हातारा खेकसला होता.

त्या संध्याकाळी म्हातारीने गाडीचा हौदा झाडला. दोराच्या वेटोळ्यात पिवळ्या पाकळ्या निघाल्या, मूठभर. ते झाड तिच्या ओळखीचं होतं. लेकीचं घर लांबून तरी बघावं म्हणून ती एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरली होती, तेव्हा तिने ते पाहिलं होतं, लेकीच्या दारासमोरच. पळत्या गाडीत कुठलं झाड एवढी फुलं टाकतं? ती काही बोलली नाही. बोलली असती, तर हट्टाने त्याने तिथे जायचंच सोडलं असतं.

बहर सरला. पाकळ्या यायच्या थांबल्या. उरलं ते ॲव्हरेज. म्हातारा घरी येऊन डिझेलच्या नावाने खडे फोडायला लागला, की तिला बरं वाटे. म्हणजे आज गेले होते. दिसली असेल का दारात? कपडे वाळत घालत असेल. बारीक झाली असेल की भरली असेल? विचारायची सोय नव्हती. ती त्याला मुकाट्याने आणखी वाढी. तोही कधी नको म्हणत नसे. लोकांच्या घरी लेकीचे फोन येत. हिच्या घरी डिझेलची कुरकुर येई, आणि तीच ती कान देऊन ऐके.

आणि आता गाडी पीत नव्हती.

म्हणजे तो तिथे उभा राहत नव्हता. लेक घर सोडून कुठे निघून गेली? की याच्या आतलाच ओलावा आटला?

“आज मी येते गाडीत,” म्हातारी म्हणाली.

म्हाताऱ्याच्या हातातला पाना थांबला. “कशाला? धूळ असते.”

“धुळीचं मला काय सांगता? तुमच्याबरोबर संसार केलाय.”

मेकॅनिक खो खो हसला. म्हाताऱ्याचे कान लाल झाले. शेजारच्या सीटवरचा दोर त्याने उचलून हौद्यात टाकला.

लाकडाच्या वखारीत फळ्या उतरवून झाल्या. घरचा रस्ता उजवीकडे होता. म्हाताऱ्याने वळणावर गाडी हळू केली, स्वच्छच असलेली काच फडक्याने पुसली, आणि डावीकडे वळला.

तीच गल्ली. झाडावर एक फूल नव्हतं. दार बंद होतं. दोरीवर कपडे नव्हते. म्हाताऱ्याने गाडी झाडाखाली घेतली. इंजिन धडधडत राहिलं. म्हातारीच्या मांडीवरचा डबा त्या थरथरीने खुळखुळू लागला, तो तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला. म्हातारा समोर बघत होता. आता हा गिअर टाकणार, तिला वाटलं. थांब जरा. पिऊ दे गाडीला. लागेल तेवढं पिऊ दे.

म्हाताऱ्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

गल्ली एकदम शांत झाली. घरात कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग बंद दाराआडून एक आवाज, थोडा जाड झालेला, रोजच्या माणसाशी बोलावं तसा.

“बाबा, दार नुसतं लोटलंय, या आत. आणि आज तरी आईला आणलंत का?”