दारावरचा हिरवा दिवा

सकाळचे कोवळे ऊन खिडकीतून उतरले, फरशीवर रेंगाळले आणि झोपलेल्या गबरू कुत्र्याच्या कानाशी येऊन थबकले.

निनादची बायको रेवती घराजवळ आली की तिच्या मनगटावरच्या कड्यामुळे दारावरचा दिवा लागे आणि कुत्रा धाव घेई. इस्पितळाने परत दिलेले ते कडे निनाद रोज सकाळी स्वतःच दाबून दिवा लावत असे.

कडे जमा करून घ्यायला नोंदणी कचेरीतल्या वसुधाताई आल्या होत्या. “भाऊ, कुत्रा अजून वाट बघत असेल, तरच माणसाची जिवंत म्हणून नोंद चालू ठेवता येते.”

“वाट बघतो ना तो! तुम्हीच पाहा.”

निनादने कडे दाबले. दिवा लागला. गबरूने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

“तो झोपलाय, भाऊ,” वसुधाताई हळूच म्हणाल्या. “दाराशी तुम्ही धावलात.”

निनादने दाराच्या कडीवरचा हात काढला.

रेवती मेली होती.