आठ आडवे

मंदाने ताग्याची गाठ सोडली आणि साहेबांच्या फायली कोपराने सारून टेबलभर कापड पसरलं. लायटीच्या ऑफिसातला शिपाई "ओ बाई" करत धावला, पण ती कुणाला जुमानणारी नव्हती. भिवंडीतल्या कारखान्यांत कापड तपासण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती.

मागे तिचा धाकटा भाऊ मोरू अंग चोरून उभा. लूमवर झोपतो, माल खराब करतो, असा ठपका शेठने त्याच्यावर ठेवला होता, तो त्याने या आठवड्यात विणलेल्या याच ताग्यावरून. वारंवार लाईट जात होती असं संध्याकाळपर्यंत लेखी आणलं, तरच उद्यापासून ड्युटी. नाहीतर घरी बस.

"बाई, रजिस्टर बघा," साहेब म्हणाले. "आठवड्यात एकदाच गेलीय लाईट."

"रजिस्टर ऱ्हाऊ द्या, ह्ये बघा." तिने कापड खिडकीच्या उजेडात धरलं. या काठापासून त्या काठापर्यंत एक आडवा, विरळ पट्टा. "चालू लूमची लाईट गेली का त्याचा जोर सरतो. शेवटचे धागे ढिले बसतात. माणूस झोपला म्हणून असा पट्टा पडत न्हाय."

साहेबांनी चष्मा लावला. मंदा तागा ओढत गेली, तसा एकेक पट्टा पुढे येत गेला. चौथ्या पट्ट्याला साहेब खुर्चीतून उठले आणि स्वतःच बोट लावून मोजू लागले. मंदाला भारी बरं वाटलं. तागा संपेपर्यंत रजिस्टर त्याच्या ढिगाखाली गेलं होतं.

साहेबांनी कोरा कागद ओढला. "एकूण नऊ ठिकाणी खोट. लाईट नऊ वेळा गेली, असं लिहितो."

मोरूने घाईघाईने मान डोलावली. मंदाने मात्र तागा पुन्हा उलगडला आणि एका जागी बोट ठेवलं. तिथे वीतभर लांबीची एक बारीक रेघ गेली होती, उभी.

"आठ लिवा, साहेब. आडवे आठ तुमचे. हितं उभा धागा तुटला, तो कुणी बांधलाच न्हाय. ह्यो आमच्या मोरूचा."